दुसरीच्या तोंडात वाढलेली पिल्लं

नीरजा आणि ईशान,

हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगा, दर वाक्याला थांबून इंग्रजीत अर्थ सांगू नकोस. जे कळणार नाही ते मला फोनवर विचारा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा' असा लकडा माझ्यामागे लावला होता. मी टाळत होते. पण जूनमध्ये ईशाननं व्हिडिओ कॉलवर माझ्या मागची टाकी पाहिली आणि विचारलं, आजी, ठिपक्यांचे मासे कुठे गेले? मी तोंड उघडायच्या आत तुमचे बाबा म्हणाले, "ते संपलं आता. आजी इकडेच येणार आहे." त्या दिवशी मला ते खोडून काढता आलं नाही. आता येतं, म्हणून आताच लिहिते आहे.

मी घरच्या घरी आफ्रिकेतल्या मिशांच्या माशांची पैदास करते. तुमचे आजोबा रेल्वेत होते, तेव्हा भुसावळच्या क्वार्टरमध्ये याची सुरुवात झाली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्या इंग्रजीचा मला आयुष्यात झालेला एकमेव ठोस उपयोग म्हणजे परदेशी मत्स्यपालनाची मासिकं वाचता आली. ती मासिकं वाचून जे कळलं ते मी पुढे आयुष्यभर लोकांना समजावून सांगत आले, आणि लोकांनी आयुष्यभर ते ऐकलं नाही. माझ्या व्यवसायाचा सारांश एवढाच. पण संपादकांना जरा जास्त हवं आहे.

आफ्रिकन कॅटफिश म्हटलं की इथल्या माणसाला मांगूर आठवतो. हातभर लांब, काळा, समोर येईल ते गिळणारा, आणि आपल्याकडे पाळायला बंदी असलेला. माझे मासे बोटाएवढे, फार तर तळहाताएवढे, आणि त्यांचा मांगुराशी संबंध इतकाच की दोघांना मिशा आहेत. तरी मला किलोचा भाव विचारणारे फोन अजून येतात. एकदा कोणीतरी तक्रार केली म्हणून मत्स्य खात्याची दोन माणसं पाहणीला आली होती. मी त्यांना टाकीपुढे बसवलं, चहा दिला. बराच वेळ पाहून त्यांतला एक म्हणाला, "एवढेच?" त्याच्या आवाजात निराशा होती.

या माशांत एक जात उलटी पोहते. पोट वर, पाठ खाली. तिकडच्या नद्यांत झाडांच्या बुडालेल्या मुळांखाली त्यांचं अन्न असतं, म्हणून तशी सवय. ही जात विकताना मी प्रत्येकाला तीनदा सांगायची की तो उलटा पोहतो, तो आजारी नाही. भुसावळच्या एका निवृत्त गार्डसाहेबांनीही तीनदा मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही म्हणालात उलटा पोहतो. पण हा तर सारखाच उलटा पोहतो." त्यांना वाटलं होतं, अधूनमधून पोहेल, करमणूक म्हणून. त्यांच्या पत्नी रोज पूजा आटोपली की उलथन्यानं त्याला हलकेच सरळ करायच्या. आठवड्याभरात मासा गेला. गार्डसाहेबांनी मला ऐकवलं की तुमचा मासा मुळातच नाजूक होता.

जळगावच्या एका सराफांनी तोच मासा दोन दिवसांत परत आणला. वास्तू पाहणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की घरात उलटा मासा असला की धंदा उलटा होतो. मी म्हटलं, मग टाकीच उलटी ठेवून बघा. ते माझ्याकडे पुन्हा आले नाहीत.

असो. आता ज्या माशांबद्दल सांगायचं आहे त्यांच्याकडे येते.

आफ्रिकेत टांगानिका नावाचं प्रचंड सरोवर आहे, नकाशात बघून ठेवा. त्याचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. आता मी जळगावला राहते, तिथलं बोअरचं पाणी तसंच आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात. सगळी कॉलनी त्या पाण्याला शिव्या देते आणि प्यायला, स्वयंपाकाला विकतचे जार आणते. या कॉलनीत बोअरच्या पाण्यावर प्रेम करणारी मी एकटी, कारण टांगानिकाच्या माशांना ते माहेरच्यासारखं मानवतं. मासा पाळायचा म्हणजे आधी त्याचं पाणी सांभाळायचं. पाणी जुळलं तर मासा बाकी बरंच सोसतो. पाणी एकदम बदललं तर त्याच्या अंगातलं मीठ आणि बाहेरचं पाणी यांचा मेळ सुटतो आणि तो मरतो. पाणी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसलं तरी.

त्या सरोवरात एक ठिपक्याठिपक्यांचा मिशांचा मासा आहे. मी त्याला कोकीळ-मासा म्हणते, कारण तो तेच करतो जे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात करते. त्याच सरोवरात सिक्लिड नावाचे मासे असतात. त्यांच्या माद्या अंडी घातली की लगेच तोंडात घेतात आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तोंडातच वाढवतात. तेवढे दिवस जवळपास उपाशी राहतात. सिक्लिडची मादी अंडी घालायला लागली की कोकीळ-मासे झुंडीनं घुसतात, तिची थोडी अंडी खातात आणि गडबडीत आपली टाकतात. ती घाबरून सापडेल ते तोंडात भरते, आपली आणि त्यांची. आत कोकीळ-माशांची अंडी आधी फुटून पिल्लं निघतात. मग ती शेजारी असलेल्या तिच्या पिल्लांना खातात. शेवटी तिच्या तोंडातून बाहेर पडतात ती ठिपक्यांची पिल्लं, आणि ती त्यांना आपलीच समजून धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते.

ही वीण मिळवायची म्हणजे सिक्लिडच्या माद्या सुखात हव्या, कोकीळ-मासे पोटभर खाऊन जोमात हवेत, दगडांची रचना हवी तशी हवी, आणि मुख्य म्हणजे घरातल्यांनी टाकीत हात घालू नये. मला ते जमायला काही वर्षं लागली. बाजारात ठिपक्यांचे जे मासे मिळतात ते बरेचसे हार्मोनचं इंजेक्शन देऊन दोन जातींच्या मिश्रणातून काढलेले असतात. माझे तसे नव्हते. त्यांचे आजे-पणजे सरोवरातून आलेले, आणि प्रत्येक पिढी माझ्या टाकीत सिक्लिडच्या तोंडात वाढलेली. हा वंश तुटला तर पुन्हा कुठूनच आणता येणार नव्हता.

आमच्या शेजारी कुसुमअक्का राहतात. जामनेरकडच्या, केळीवाल्या शेतकरी घरातल्या. माझ्यापेक्षा मोठ्या. दुपारी त्या गहू निवडायला माझ्याकडे येतात, कारण माझा कूलर जास्त गार वारा देतो. निवडता निवडता टाकीकडे बघतात. एके दिवशी त्यांनी विचारलं म्हणून मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला. त्यांचे हात सुपात थांबले.

"म्हंजे त्या माउलीला काहीच ठाव नाही?"

"नाही."

"अन् कोनी सांगत बी नाही?"

"अक्का, ती मासा आहे."

"मासा असली म्हून काय झालं. माय आहे ना."

त्या दिवसापासून अक्कांनी सिक्लिडची बाजू घेतली. ठिपक्यांच्या माशांना त्या चोरटे म्हणायच्या. कॉलनीतल्या बायकांना आणून त्या मादीला दाखवायच्या आणि बायका च्‌च्‌ करायच्या. एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की असलं घरात ठेवणं बरं नाही, सुना येतात-जातात. मी हात टेकले.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला पाचोऱ्याला जावं लागलं. अक्कांना किल्ली दिली. फ्रिजवर कागद लावला, मराठीत, मोठ्या अक्षरांत: फक्त खाणं टाका, चिमूटभर, बाकी कशालाही हात लावू नका. वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर आपोआप चालतो, त्यालाही हात लावू नका. अक्कांनी तो माझ्यासमोर मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, जा निवांत.

मी परत आले तेव्हा अक्का फाटकातच उभ्या होत्या. चेहरा खुललेला. दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या, हळद लावून.

"या. तुमचं एक मोठं काम करून ठेवलं."

मी तशीच पिशवीसकट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. कूलरच्या समोर, लग्नाकार्यात काढायचं ते मोठं पातेलं. वर स्वच्छ जाळी. आत काठोकाठ निर्मळ पाणी, आणि तळाशी माझे कोकीळ-मासे आडवे पडलेले.

झालं होतं असं. आदल्या दुपारी सिक्लिडच्या मादीनं अंडी घालायला घेतली आणि ठिपकेवाले तिच्यावर तुटून पडले. अक्का समोरच बसल्या होत्या. त्यांना ते बघवेना. त्यांनी डब्यानं, चाळणीनं आणि शेवटी हातानं एकेक चोरटा पकडून काढला. या माशांच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे काटे असतात, पकडलं की ते ताठ उभे करतात, म्हणून बोटं फाटलेली. एवढा त्रास सोसून त्यांनी माशांना घरी नेलं. आणि पाहुणे म्हणून नेले, तर बोअरचं पाणी कसं द्यायचं? जारचं दिलं. गार केलेलं. सगळा क्षार काढून टाकलेलं.

"आम्ही पितो तेच दिलं, प्रमिलाबाई. तुमच्या टाकीत त्या खाऱ्या पान्यात कसे राहत होते बिचारे. आता पहा, कसे शांत झोपले."

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं असं अजून वाटतं. पण ज्या बाईची बोटं माझ्याच माशांनी फाडली आहेत आणि जिनं त्यांना आपल्या तोंडचं पाणी दिलं आहे, तिच्यावर ओरडायचं तरी कोणत्या शब्दांत? मी टाकीचं पाणी आणून थेंबथेंब सोडत बसले. त्याचा उपयोग नव्हता, ते मला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत पातेल्यातले सगळे गेले.

टाकीत एक उरला होता. दगडांच्या फटीत शिरून बसलेला नर, जो अक्कांच्या हाताला लागला नव्हता. एकटा नर म्हणजे वंश संपलाच. मादी कुठून आणणार?

आणि त्या सिक्लिडनं त्या खेपेला तोंडभर स्वतःची पिल्लं सोडली. सगळी पिवळी, एकही ठिपका नाही. अक्का रोज येऊन ती बघायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या. मला म्हणाल्या, "पाहा, मी डोयानं पाह्यलं, एक बी परका नाही."

तुमच्या बाबांना कळल्यावर ते म्हणाले, आई, आता बंद कर. टाक्या विकून टाक, घराला कुलूप लाव, इकडे ये. आजवर मी त्यांना सांगत होते की मासे आहेत, मला यायला जमणार नाही. आता ते सांगायची सोय उरली नव्हती. म्हणून त्या व्हिडिओ कॉलवर मी त्यांचं बोलणं तसंच जाऊ दिलं.

आता धुळ्याच्या दगाआबांबद्दल सांगणं भाग आहे. मनातून मी ते टाळत होते, कारण या माणसानं मला फोन करून करून वैताग आणला आहे. आबा पूर्वी बस चालवायचे. आता ओसरीत खुर्ची टाकून बसतात. ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीत अर्धा बुडवलेला जुना सिमेंटचा हौद आहे, छपराखाली, बाराही महिने सावलीत, आणि सिमेंटमुळे त्यातलं पाणीही आमच्या बोअरसारखंच जड. होळीच्या सुमारास ते जळगावला आले होते आणि माझ्याकडून काही पिवळे सिक्लिड आणि आदल्या वर्षीची पाच ठिपक्यांची पिल्लं घेऊन गेले. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या वेळी फोन. पिवळे दिसतात, ठिपक्यांचे दिसत नाहीत. मी सांगायची, ते उजेडात लपतात, दिसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा, दिसत नाहीत. शेवटी एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं, "ताई, बठ्ठा मरी ग्यात. हौदमा एक बी नही." मला वाटलं, सगळे मेले असतील. त्या हौदाच्या कडेला ते ताटं विसळायचे, हे मला फोनवरच्या आवाजावरून कळत असे.

तरीही जूनच्या शेवटी मी थर्माकोलचा डबा आणि आमच्या बोअरच्या पाण्याचे कॅन घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसले. खात्री होती म्हणून नव्हे. तुमच्या बाबांना होकार देण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

आबांनी आधी शेवभाजी खायला घातली. मग हौद उपसायचा म्हटल्यावर ते सरळ नाही म्हणाले. त्यांच्या भागात नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येतं, आणि हौदातलं पाणी गटारात सोडणं म्हणजे त्यांच्या मते पाप. मी म्हटलं, सोडू नका, भरून ठेवा. मग घरातली सगळी भांडी भरली. ती संपल्यावर शेजाऱ्यांची आली. पाणी न्यायला आलेला प्रत्येक जण हौदात डोकावून मत देऊन जाई. एकानं सांगितलं मांजरीनं खाल्ले असतील, एकानं सांगितलं असले विलायती मासे उन्हात विरघळतात. आबा प्रत्येकाला पहिल्यापासून सगळी हकिकत सांगत. मी बादल्या ओढत होते.

पाणी गुडघ्याएवढं राहिलं तेव्हा तळाशी एक फुटका रांजण दिसला. आबांनी केव्हातरी मी म्हटलं म्हणून लपायला टाकला होता आणि विसरले होते. ते वाकले, रांजणाच्या पोटात हात घातला आणि एकदम मागे सरले.

"काटा लागना, ताई."

"हात काढू नका, आबा. धरून ठेवा."

त्यांनी धरून वर काढला. ठिपक्यांचा, चांगला बोटापेक्षा मोठा झालेला, पोटाला गोल. पाण्याबाहेर आला आणि करकरला. हे मासे काटे खोबणीत घासून तसा आवाज करतात, सुक्या बिजागरीसारखा. आबांचा चेहरा बदलला. त्यांनी मासा कानाजवळ नेला.

"ताई, हाऊ बोलस!"

रांजणात तीन निघाले. पाचांतले दोन कुठे गेले ते कळलं नाही. तिघांतल्या दोन माद्या असाव्यात, पोटावरून वाटलं. मी डबा पुढे केला, तर आबा मासा देईनात. दोन महिने जो माणूस मला ते मेले म्हणून कळवत होता, तो आता म्हणाला की बोलणारा मासा घरातून कसा देऊ. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे एकच नर राहिला आहे, यांच्याशिवाय तो वंश इथेच संपतो, आणि तुमच्या हौदात हे व्याले तरी पिल्लं कोणाच्या लक्षात येणार नाहीत. त्यांनी तिन्ही मासे हौदाच्याच पाण्याच्या बादलीत सोडले आणि बादली पायांशी ओढून ते खुर्चीत बसले. शेजारी पुन्हा गोळा झाले होते. एक म्हातारी म्हणाली, दी दे रे दगा, बाई इतक्या लांबून उनी.

"दिसू," आबा शेवटी द्यायला तयार झाले. "पन पैलं पिल्लू मनं."

पहिलं पिल्लू त्यांचं, हे मी कबूल केलं. त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक डब्यात सोडला, तोही प्रत्येकाला करकरायला लावून.

बसमध्ये डबा मांडीवर होता. शेजारचे गृहस्थ विचारत होते, काय आहे, आइस्क्रीम का? मी हो म्हटलं. आणखी एकदा समजावून सांगायची ताकद नव्हती.

श्रावणात सिक्लिडच्या एका मादीची हनुवटी तोंडातल्या अंड्यांनी फुगली. मी तिला वेगळ्या टाकीत ठेवलं आणि त्या खोलीचं दार लावून घेतलं. अक्का अजून येतात, पण आता खुर्ची टाकीकडे पाठ करून लावतात. मला विचारतात, पोसताच का अजून त्या चोरट्यांना? मी हो म्हणते. त्या गहू निवडत राहतात. जारचं पाणी त्या माझ्यासाठी अजूनही तांब्यातून आणतात आणि माझ्या देखत मला प्यायला लावतात.

दगाआबांचा फोन रोज सकाळी येतो. त्यांना माशाचा आवाज ऐकवा म्हणतात. मासा पाण्यात असताना बोलत नाही, हे त्यांना पटत नाही.

नीरजा, ईशान, तुमच्या बाबांना मी सांगितलं आहे की डिसेंबरात तिकडे येईन आणि परत येईन. मधल्या दिवसांसाठी मी माणूस शोधते आहे. टाकीत हात न घालणारा माणूस जळगावात मिळणं कठीण आहे, पण शोधते आहे.

मोठ्या टाकीत चार ठिपक्यांचे मासे आहेत: जुना नर आणि धुळ्याहून आणलेले तीन. लहान टाकीत त्या मादीच्या तोंडातून निघालेली दोन ठिपक्यांची पिल्लं आहेत. ती वाढली की त्यांतलं एक धुळ्याला जाईल. दोन्ही टाक्यांत पाणी बोअरचंच आहे.